अकरावीचा फॉर्म भरण्याआधी

शास्त्रीय गाण्याच्या परीक्षांत मध्यमापर्यंत पोहोचलेली मुलं बदलापुरात आता गल्लोगल्ली सापडतात. विशारद पूर्ण केलेली मात्र शोधावी लागतात. मधल्या दोन वर्षांत, अकरावी-बारावीत, गाणं कुठे जातं हे मी आधी स्वतः भोगलं आणि आता शिकवायला बसल्यापासून दरवर्षी पाहतो आहे. ज्यांच्या घरी यंदा दहावीचं मूल आहे आणि ते गातं, त्यांच्यासाठी हे लिहितो.

दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. योजना चांगलीच आहे, तिच्यामुळे कित्येक घरांत पेटी आली. पण त्या गुणांसाठी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या भराभर चढवल्या जातात. बारावीला कलेचे असे गुण नाहीत, त्यामुळे दहावीचा निकाल लागला की घरच्यांच्या लेखी गाण्याचं काम संपलेलं असतं. आणि नेमकं तिथूनच गाणं अवघड होत जातं. मध्यमापर्यंत पाठ केलेली बंदिश आणि बसवलेल्या ताना चालून जातात. विशारदला विलंबित ख्याल स्वतः भरावा लागतो, परीक्षक मध्येच थांबवून दुसरा राग विचारतात, जवळच्या दोन रागांतला फरक गाऊन दाखवायला लावतात. याला मुरायला वेळ लागतो आणि वेळ तर त्याच वर्षांत नसतो.

माझ्या वेळी हे वाढीव गुण नव्हते. तरी गोष्ट तीच झाली. आम्ही बदलापूर गावात राहायचो, गुरुजीही गावातच, घरापासून चालत अंतरावर. अकरावीला कॉलेज मिळालं कल्याणला आणि शास्त्र शाखेचा क्लासही तिथेच लावला. प्रवेशाच्या वेळी क्लासवाल्यांनी संध्याकाळ मोकळी राहील असं सांगितलं होतं. दिवाळीनंतर बॅच संध्याकाळची झाली. कल्याणहून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूर यायला गाडीत अर्धा तासही लागत नाही, पण संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये आधी शिरता तर आलं पाहिजे! एखादी सोडावी लागते, मग स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग. मी गुरुजींच्या दारात पोहोचायचो तेव्हा त्यांच्याकडची शेवटची शिकवणी उठलेली असायची. ते कधी रागावले नाहीत, थोडा वेळ समोर बसवून घ्यायचे. पण दिवसभर दमलेल्या गळ्याला आणि पेंगुळलेल्या डोक्याला त्या वेळेत काय लागणार?

म्हणून माझं पहिलं सांगणं. ऑनलाइन प्रवेशाचा पसंतीक्रम भरता तेव्हाच पुढच्या दोन वर्षांचा रियाज ठरत असतो. गुरूची वेळ आधी पक्की करा, मग कॉलेज आणि क्लास निवडा. गुणांच्या यादीत चार पायऱ्या खालचं पण बदलापूर-अंबरनाथमधलं कॉलेज गाणाऱ्या मुलाला जास्त देऊन जातं, असं माझं ठाम मत आहे. क्लासच्या बॅचची वेळ कोणाकडूनही तोंडी ऐकून घेऊ नका, दिवाळीनंतरचं वेळापत्रक विचारा.

कला शाखेकडे जाणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. शास्त्रीय गायन, सुगम गायन, वाद्यसंगीत, संगीताचा इतिहास हे विषय बारावी बोर्डाच्या यादीत आहेत. पण बोर्डाच्या यादीत असलेला विषय प्रत्येक कॉलेजात शिकवला जातोच असं नाही. प्रत्यक्ष जाऊन विचारा: संगीताला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, तबल्याची साथ कोण करतं, प्रात्यक्षिकाचे तास खरोखर होतात का. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा विषय घ्या आणि गाणं गुरूकडेच शिका.

आता गळ्याबद्दल, कारण यात कायमचं नुकसान होऊ शकतं. मुलग्यांचा आवाज साधारण आठवी-नववीपासून फुटतो आणि सोळा-सतराव्या वर्षापर्यंत स्थिरावत जातो. लहानपणी काळी चारमध्ये सहज गाणारा मुलगा काळी एकवर येतो, कधी त्याच्याही खाली. मधल्या काळात वरचा षड्ज चिरकतो, खालचे स्वर पोकळ लागतात. पुष्कळ मुलं इथेच गाणं सोडतात आणि आईवडिलांना वाटतं की आता आवाजच गेला. आवाज गेलेला नसतो, बदलत असतो. या काळात मंद्र सप्तकातला खर्ज सावकाश भरावा, तारसप्तकाच्या मागे लागू नये आणि पट्टी दर काही महिन्यांनी गुरूकडून तपासून घ्यावी. शिकवणीत मुलींची संख्या जास्त असली की सगळ्यांना त्यांच्याच पट्टीत बसवतात आणि मुलगा ताणून गात राहतो. पालकांनी हे विचारायला संकोच करू नये.

आपल्या भागात याला जोडून भजनाचा प्रश्न येतो. आमच्या गावाकडची भजनं मला जिवापाड प्रिय आहेत. पखवाजाची थाप ऐकतच मी मोठा झालो आणि ताल माझ्या अंगात उतरला तो तिथेच. पण सप्ताहात रात्र रात्र उंच पट्टीत, माइकवर, तेही जागरणात गाणं सोळाव्या वर्षी गळ्याला झेपत नाही. सकाळी आवाज बसलेला आणि घशात खवखव. आवाज बदलण्याच्या काळात मुलाला भजनी मंडळात जरूर पाठवा, टाळ धरू दे, पखवाज शिकू दे, मागे धरू दे. मुख्य बुवांच्या पट्टीत पुढे बसून गायची घाई दोन वर्षं थांबवा. आवाज आठवडाभर बसूनच राहिला तर काढे-गुळण्या पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मोबाइलवरचा तानपुरा आणि तबला ही मोठीच सोय आहे, लोकलच्या गर्दीत खरा तानपुरा कोण नेणार! तानपुरा अ‍ॅपवर जरूर गा. तबल्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. विलंबित एकतालाचं आवर्तन बारा मात्रांचंच, पण ते मिनिटभर चालतं. अ‍ॅपचा ठेका एका लयीतून मुळीच हलत नाही. खरा तबलजी श्वास घेतो, ठेका भरतो, तुम्ही रेंगाळलात तर त्याचं त्याला कळतं. नुसत्या अ‍ॅपवर तयारी केलेली मुलं परीक्षेत समेवर येताना चाचपडतात, हे मी समोर बसून पाहिलंय. एखाद्या तबला शिकणाऱ्या मुलाशी जोडी जमवा, दोघांचीही तयारी होते.

लेखी पेपर मुलं हलक्यात घेतात आणि स्वरलिपीत अडकतात. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं वर्गात शिकवायचं म्हणून स्वतःची स्वरलिपी केली. पंडित भातखंड्यांची स्वरलिपी निराळी. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्राचं आणि तार सप्तकासाठी उभी रेघ. सम एकीकडे फुलीने दाखवतात, दुसरीकडे एकच्या आकड्याने. घाईत हे मिसळलं की आख्खी बंदिश चुकीची लिहिली जाते. एकच बंदिश दोन्ही पद्धतींत समोरासमोर लिहून काढायची सवय अकरावीतच लावा. रात्री गायला बंदी असलेल्या घरात एवढं तरी निवांत होतं.

आणि वेळापत्रक. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. बारावी बोर्ड फेब्रुवारी-मार्चला, त्यामागोमाग सीईटी. बारावीच्या उन्हाळ्यात विशारदचा फॉर्म भरायला लावू नका, कितीही हुशार मूल असलं तरी. अकरावीचं नोव्हेंबरचं सत्र वापरा, नाही जमलं तर बारावीनंतरचं नोव्हेंबर. मंडळाची परीक्षा पुढे ढकलता येते. पण जानेवारी ते मे गुरूकडे जाणं पूर्ण बंद केलं तर जूनमध्ये गळा पुन्हा जुळवायला पावसाळा निघून जातो. बोर्डाच्या दिवसांतही सकाळी अर्धा तास खर्ज आणि आठवड्यातून एकदा गुरूसमोर बसणं, एवढं ठेवा. पुढे मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागात किंवा पुण्याच्या ललित कला केंद्रात जायचं असेल, तर चौकशी बारावीच्या दिवाळीतच करून ठेवा. तिथे गाऊन दाखवावं लागतं आणि त्या तयारीलाही गुरूच लागतात.