रेकॉर्डिंग तुझं, गाणं कुणाचं?

चि. भाचेबुवा,



घरच्या पैशावर तू गोंधळाच्या पदांचा अल्बम काढतोयस, असं ताईचा फोन आला तेव्हा कळलं. तिला पैशाची काळजी. माझी काळजी वेगळी आहे.

कॅसेटच्या जमान्यात मीही एकदा गायलो होतो. एकरकमी बिदागी हातावर ठेवून कंपनीने सही घेतली. पुढं एसटी स्टँडवर माझाच आवाज कानावर आला. कॅसेट विकत घेतली, तर वर माझं नाव होतं, संबळवाल्याचं नव्हतं. मी कंपनीला शिव्या घातल्या. पण त्याचं नाव टाका, असं मी तरी कुठं सांगितलं होतं?

आता कंपनी तूच आहेस. पुढाकार घेऊन, जबाबदारी पत्करून जो रेकॉर्डिंग करून घेतो, त्याला १९५७चा कॉपीराइट कायदा निर्माता मानतो आणि प्रसिद्धीनंतर ६० वर्षं त्याचा हक्क राखतो. तेव्हा कुणाच्याही कागदावर न वाचता सही करू नकोस. पण हा हक्क रेकॉर्डिंगचा. पदं आपल्या आजीच्या तोंडची, तिला तिच्या वडलांकडून आलेली. तिथं ‘पारंपरिक’ असंच लिही. एखादं कडवं तू जोडलं असशील, तर तेवढंच आपलं म्हण.

स्टुडिओवाला कानात टकटक लावून देईल आणि संबळ, तुणतुणं, झांज एकेक करून वाजवून घेईल. त्याला नम्रपणे नको म्हण. गोंधळाची लय रात्रीबरोबर चढते. टकटकीला बांधलीस तर ती जागच्या जागी पाय आपटत राहील. सगळे एकाच खोलीत बसा. संबळ तुझ्या माईकपासून लांब, पण तुझ्या नजरेसमोर ठेव. त्याचा थोडा आवाज तुझ्या आवाजात मिसळला तर मिसळू दे. अंगणात तरी तो कधी वेगळा होता?

पैसे कमी पडले तर पदं कमी कर, साथीदारांची बिदागी नको. ती रेकॉर्डिंगच्या दिवशीच चुकती कर. अल्बम विकला गेला की बघू, हे वाक्य मी फार ऐकलंय.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानची रेकॉर्ड भरली, तेव्हा गाणं संपताच तिने स्वतःचं नाव उच्चारलं होतं. तबकड्या जर्मनीत निघायच्या. तिथल्या माणसांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून. शेवटचं पद झालं की तूही माईक चालूच ठेव आणि संबळवाल्यापासून प्रत्येकाला आपापलं नाव सांगू दे.

झील धरायला मी येतोय. माझं नाव मी सांगेन. बिदागीही घेईन.

तुझा,
मामा