मशीन सारखं, पॉड वेगळा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, नोव्हेंबरच्या सवलतीच्या आठवड्यात, एका मोठ्या दुकानात दोन काळी कॉफी मशिनं शेजारी शेजारी मांडलेली होती. कंपन्या वेगवेगळ्या, पण रूप जुळ्या बहिणींसारखं. पाण्याची टाकी दोघींच्या पाठीला, कॉफी भरलेली कुपी, म्हणजे पॉड, वरून घालायचा, कप खाली ठेवायचा. त्यातलं एक ३० डॉलरनं स्वस्त होतं. प्रस्तुत लेखिका भाचीकडे दीड महिना राहून पुण्याला परतायच्या तयारीत होती. "अगं मावशी, सारखीच तर आहेत, स्वस्त ते घे," भाची म्हणाली आणि मावशीनं ते घेतलं. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं वाचवल्याचे पैसे पुढचे आठ महिने भरावे लागले. दुसऱ्या कुणाला ते भरावे लागू नयेत, म्हणून हे लिहिणं.

पुण्यात पहिली अडचण आली विजेची. मशीनच्या तळाशी लिहिलं होतं, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १,३५० वॉट. आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा चार्जर दोन्हीकडे चालतो, त्यामुळे पिन बदलली की काम झालं असं वाटतं. पाणी तापवणाऱ्या उपकरणाचं तसं नसतं. १२० व्होल्टच्या हीटरला २३० व्होल्ट मिळाले, तर तो जवळजवळ चौपट शक्ती ओढू पाहतो आणि जळतो. सोसायटीच्या वायरमननं वेळीच अडवलं. त्याच्याच सांगण्यावरून २,००० वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. ओट्यावर मशीनपेक्षा त्यालाच जास्त जागा लागली, वर त्याची अखंड घुंईऽऽ.

तरीही कॉफी एडिसनपेक्षा संथ पडायची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, हे तेव्हा कळलं. या छोट्या मशिनांतला पंप विजेच्या लहरीच्या तालावर ठोके देतो. सेकंदाला ६० ठोक्यांसाठी बनवलेला पंप आपल्याकडे ५० वर येतो. दीडशे डॉलरचं मशीन आणून त्याला आयुष्यभर धाप लावून ठेवल्यासारखं झालं.

खरा फटका मात्र पॉडचा होता. बॅगेतून आणलेले शंभर पॉड दोन माणसांच्या घरात महिनाभरात संपले. दिरांनी दुबईहून मोठ्या हौसेनं पाच पाकिटं आणली, ती दुसऱ्याच मापाची निघाली. पुण्यात जे पॉड सहज मिळत होते, तेही बसेनात. झाकण बंद व्हायचं नाही, झालंच तर पाणी बाजूनं गळायचं. त्या जुळ्या बहिणींतली दुसरी घेतली असती, तर हे सगळे पॉड चालले असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण इतकी तंतोतंत क्वचितच लागू पडत असेल. इथे तर मसाला मिळेनासाच झाला.

म्हणून कुणी दोन मशिनांमध्ये घुटमळत असेल, तर आधी मशीन बाजूला ठेवून पॉडकडे पाहावं. या बाजारात एकमेकांत न बसणारी कुळं आहेत. नेस्लेमधल्या एरिक फाव्र या अभियंत्यानं १९७६ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तिच्यावर १९८६ मध्ये नेस्प्रेसो उभी राहिली. तिचा मूळ पॉड छोटा, अॅल्युमिनियमचा, आत पाच-सहा ग्रॅम कॉफी. पंप जोरानं पाणी ढकलतो, पुढचा पत्रा फाटतो आणि ४० मिलिलिटरची एस्प्रेसो किंवा ११० ची लुंगो मिळते. पेटंटांची मुदत सरल्यावर इतर कंपन्यांनीही त्या मापाचे पॉड काढले. आज जगात निवडीला सर्वात जास्त वाव याच मापात आहे.

त्याच कंपनीनं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या मगांसाठी व्हर्चुओ ही दुसरी मालिका आणली. तिचा पॉड घुमटासारखा, काठावर बारकोड. मशीन तो वाचतं, पॉड मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत गरगरवतं आणि कोड सांगेल तेवढीच कॉफी देतं. भरपूर फेस आणि मोठा कप ज्यांना आवडतो, त्यांच्यासाठी ती चांगली आहे. पण नाव एकच असूनही पहिलीचा पॉड दुसरीत जात नाही. नेस्लेचंच डोल्चे गुस्टो हे तिसरं माप, लवाझाचं 'अ मोदो मिओ' चौथं, अमेरिकेतला केयुरिगचा के-कप पाचवा. के-कपातून एस्प्रेसो येत नाही, गाळलेली मगभर कॉफी येते. दुकानदार या सगळ्यांना 'कॅप्सूल मशीन'च म्हणतो.

एकाच कुळातली दोन मशिनं असतील, तर मात्र फार डोकं शिणवू नये. नेस्प्रेसोचं एसेन्झा मिनी हे छोटं मशीन एकाहून जास्त उत्पादकांच्या नावानं विकलं जातं. अंग थोडं निराळं, आतलं काम तेच. खोक्यावर ठळक छापलेल्या १५ बार आणि १९ बार या आकड्यांनीही भुलू नये. एस्प्रेसो उतरायला सुमारे ९ बार दाब पुरतो. रंग, दिवे, मोबाइल अॅप, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर.

बारकोडवाल्या किंवा पॉड 'ओळखणाऱ्या' मशिनाला हो म्हणण्याआधी केयुरिगची हकीकत आठवावी. २०१४ मध्ये त्यांनी आणलेलं २.० मशीन झाकणावरची खास शाई वाचून दुसऱ्यांचे पॉड नाकारायचं. शिवाय आपली कॉफी भरून वापरायचा जाळीचा कपही त्यात चालेना. ग्राहक इतके चिडले की २०१५ मध्ये कंपनीनं चूक कबूल करून तो कप परत आणला. कुलूप लावण्याची ही खोड कोणत्याही कंपनीला लागू शकते, आणि किल्ली कायम तिच्याकडेच राहते.

आता हिशेब. एक पॉड ६० रुपयांना पडला, तर त्यातल्या पाच-सहा ग्रॅमच्या भावानं कॉफी १०,००० ते १२,००० रुपये किलो झाली. हे आधी नवरा-बायकोनं समोरासमोर बसून मान्य करावं. दोघांचे दिवसाला चार कप, म्हणजे वर्षाला १,४६० पॉड. दोन मापांच्या पॉडमध्ये २० रुपयांचा फरक असेल, तर वर्षाला २९,२०० रुपये. फळीवर दिसणारी मशीनच्या किमतीतली बचत यापुढे किती टिकते?

दुधाचं कुणी आधी सांगत नाही. आपल्या घरांत कॉफी म्हणजे दूध, साखर आणि किसलेलं जायफळ. लेखिकेच्या सासूबाईंना ४० मिलिलिटरचा तो कडू घोट दाखवला, तेव्हा त्यांनी "बाकीची कुठेय?" असं विचारलं. दूध वेगळं तापवावं किंवा फेसावं लागतं, टाकीत दूध कधीही घालायचं नाही. डोल्चे गुस्टोसारख्या पद्धतीत कॅपुचिनोला दोन पॉड लागतात, एक दूध पावडरचा आणि एक कॉफीचा. म्हणजे खोक्यावरच्या १६ पॉडचे आठच कप. पाहुण्यारावळ्यांच्या घरात हे फार जाणवतं. सहा माणसं आली की एकेक कप काढता काढता पहिल्याची कॉफी गार होते.

पाणीही बघावं. धरणाचं नळाचं पाणी असेल तर ठीक, पण टँकर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायटीत गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा क्षार मशीनच्या बारीक नळ्यांत बसतो. कॉफी कोमट येऊ लागली, धार बारीक झाली की क्षार साचला समजावं. तो काढायचं द्रावण महाग वाटलं म्हणून व्हिनेगर ओतण्याचा मोह होतो, पण नेस्प्रेसो त्याला स्पष्ट मनाई करते. दर तीन महिन्यांनी एका तारखेवर कालनिर्णयात खूण करून ठेवावी. वापरलेले पॉड कापून चोथा कुंडीत आणि अॅल्युमिनियम सुक्या कचऱ्यात टाकावं. हाताला थोडं काम पडतं, पण ते टाळून चालत नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं २०१६ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी असले पॉड खरेदी करणं बंद केलं, ते या कचऱ्यापायीच.

सुरक्षिततेचं एकच सांगायचं आहे. कॉफी उतरत असताना झाकणाशी खेळू नये आणि जुनं मशीन घेताना ते परत मागवलेल्यांपैकी तर नाही ना, हे तपासावं. डिसेंबर २०१४ मध्ये केयुरिगनं एकट्या अमेरिकेत सुमारे ६६ लाख छोटी मशिनं परत मागवली होती. गरम पाणी उसळून ९० जणांना भाजल्याच्या तक्रारी होत्या.

आता निवड इथेही वाढते आहे. नेस्प्रेसोनं २०२५ मध्ये दिल्लीत आपलं पहिलं भारतीय दुकान उघडलं. तेव्हा परदेशातून ओझं वाहून आणायचं कारण उरलेलं नाही. तिकडची हमी बहुधा इथे लागू होत नाही, ते वेगळंच. २३० व्होल्टचं मशीन इथेच घ्यावं, ते १६ अँपिअरच्या सॉकेटला लावावं, आणि पैसे देण्याआधी त्याच मापाचे पॉड आपल्या गावात निदान दोन ठिकाणी मिळतात का, हे स्वतः जाऊन पाहावं.

लेखिकेचं मशीन आठ महिन्यांनी भाचीकडे एडिसनला परत गेलं. तिथे ते उत्तम चालतं. परवा तिचा फोन आला. नाशिकच्या सासऱ्यांसाठी सेलमध्ये एक मशीन पाहून ठेवलं होतं, दोन फोटोही पाठवले होते. मावशीनं तिला मशीन उलटं करून तळाचा फोटो काढायला सांगितलं. त्यावर १२० व्होल्ट होतं. भाचीनं ते फळीवर परत ठेवलं आणि नाशिकमध्ये कोणते पॉड मिळतात, हे बघायला दिराला सांगितलं.