हळदीच्या आदल्या संध्याकाळी

धाकट्या बहिणीचं लग्न सांगलीत, ऐन मे महिन्यात होतं. धावपळीत स्वतःकडे बघायला वेळ मिळाला तो थेट हळदीच्या आदल्या संध्याकाळी. पार्लरमध्ये हातांचं वॅक्सिंग झालं आणि उठता उठता मी म्हणाले, "ताई, ओठावरची लवही वॅक्सनेच काढा." एरवी मी तिथे थ्रेडिंग करून घेत असे.

पट्टी ओढली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. आरशात पाहिलं, तर ओठाच्या वर बोटाच्या पेराएवढं सालपट निघून खालची लालभडक, ओलसर त्वचा उघडी पडली होती. ताई घाबरल्या. "चेहऱ्याला काही औषध लावता का?" हा प्रश्न तेव्हा निघाला. मुरुमांसाठी मी चार महिने रोज रात्री ॲडापालीनचं जेल लावत होते. ते सांगायला हवं, हे मला सुचलंच नव्हतं.

घरी आत्याने मायेने हळद आणि लिंबाचा रस लावला. रात्रभर आगीने झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हळदीच्या गडबडीत घट्ट बाह्यांचं ब्लाउज आणि घामाच्या धारा. संध्याकाळपर्यंत दंडावर केसाकेसाच्या मुळाशी पिवळ्या टोकाच्या पुळ्या आल्या. पुळ्या आठवड्यात बसल्या, ओठावरचा काळा डाग मात्र पावसाळा संपेपर्यंत पुसला गेला नाही.

नंतर त्वचारोगतज्ज्ञांनी कारण सांगितलं. ॲडापालीन, ट्रेटिनॉइन, रेटिनॉल ही औषधं त्वचेचा सगळ्यात वरचा थर पातळ आणि सैल करतात. वॅक्स केसांबरोबर तो थरही ओढून नेतं. केस उपटल्यावर त्याच्या मुळाचं छिद्र काही काळ उघडं राहतं. त्यात घाम आणि जंतू शिरले, वर कपडा घासला, की पुळ्या येतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा दाह झाला, की तिथे जास्त रंगद्रव्य तयार होतं. दाह शमतो, डाग मागे राहतो.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी धरली आहे: केस काढलेली त्वचा दोन दिवस जखमेसारखी जपायची.

केस काढण्याआधी

ॲडापालीनसारखी औषधं लावत असाल, तर त्या जागी वॅक्स नकोच. करायचंच असेल, तर डॉक्टरांना विचारून निदान आठवडाभर आधी औषध थांबवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील, तर कोर्स संपल्यावरही सहा महिने वॅक्सिंग टाळा. समारंभ असेल, तर तीन-चार दिवस आधीच हे काम उरका. वॅक्स किती गरम आहे ते मनगटावर लावून पाहा. त्वचेला लागलेली वॅक्स लावायची काडी पुन्हा वॅक्सच्या डब्यात बुडवू देऊ नका.

केस काढायचं क्रीम ज्या केराटिनला विरघळवतं, तेच केराटिन त्वचेतही असतं. म्हणून डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका आणि एक दिवस आधी थोड्याशा जागेवर लावून बघा. रेझर वापरत असाल, तर ब्लेड नवं हवं, त्वचा भिजवलेली हवी आणि हात केसांच्या दिशेने फिरायला हवा.

केस काढल्यानंतर

थंड पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाची घडी 10 ते 15 मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. सालपट निघालं असेल, तर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर पुरतो. पुढचे 24 ते 48 तास कढत पाणी, व्यायाम, पोहणं, डिओ, अत्तर, घट्ट कपडे आणि ऊन टाळा. लिंबू तर अजिबात नको. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं, तर फोड आणि काळे चट्टे येतात. तीन दिवसांनी ओल्या मऊ कापडाने हलकेच चोळलं, तर केस आत वळणं कमी होतं. वळलेला केस सुईने उकरू नका. जागा भरून आली, की बाहेर पडताना सनस्क्रीन लावा, म्हणजे डाग गडद होत नाही.

औषधाच्या दुकानातून मनाने आणलेल्या मलमांपासून विशेष सांभाळा. त्यांतल्या कित्येकांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. लाली एका रात्रीत जाते, म्हणून ते लावत राहिलं, तर चेहऱ्याची त्वचा पातळ होते, मुरुम येतात आणि जी लव काढायला गेलो तीच वाढते.

पू वाढला, लाली पसरली, ताप आला किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल, तर तेवढीही वाट पाहू नका.

माझ्या त्या संध्याकाळी एक वाक्य वेळेवर बोललं गेलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं. पार्लरच्या खुर्चीत बसताना कुणी विचारायची वाट पाहू नका. चेहऱ्याला काय लावता आणि कोणती गोळी घेता, हे आधी स्वतःहून सांगा.