अतिदक्षतेतले बाळ आणि आईवडिलांची सही

प्रश्न (तिवसा) : नवजात बाळ अत्यवस्थ असताना उपचारांबाबत आईवडिलांना कितपत अधिकार असतो?

उत्तर : बाळाच्या वतीने संमती कायद्याने आईवडीलच देतात. तिवशातून बाळ अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात हलवले, की ओली बाळंतीण कित्येकदा मागेच राहते आणि सही बाप किंवा आजोबा करतात. तिलाही, फोनवर का होईना, सगळे सांगितलेच पाहिजे. जीव धोक्यात असून पालक हजर नसतील, तर डॉक्टर संमतीवाचून उपचार सुरू करू शकतात. एरवी फायदा, धोका आणि पर्याय मराठीत समजून घेतल्यावरच सही करावी.

व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय मात्र एकट्या पालकांचा नाही आणि एकट्या डॉक्टरांचाही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने व त्यातील २०२३ च्या सुधारणेने त्यासाठी दोन वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया घालून दिली आहे; कुटुंबाची संमतीही लागते.

पैसा संपला म्हणून बाळाला घरी नेण्याची घाई करू नये. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचे सरकारी रुग्णालयातील उपचार, औषधे, रक्त आणि ने-आण वर्षाचे होईपर्यंत मोफत आहे. त्याविषयी वॉर्डातल्या सिस्टरांना किंवा गावच्या आशाताईंना विचारावे.