संकेतस्थळाची जुनी प्रत : एक दुर्लक्षित अडचण व तिचा उपाय

शासकीय कार्यालयाने आपल्या संकेतस्थळावरील मजकूर बदलला, म्हणजे तो त्याच क्षणी सर्व नागरिकांपर्यंत पोहोचला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती मात्र तशी नसते. नागरिकाच्या मोबाइलमधील ब्राउझर एकदा आणलेल्या फाईली स्वतःजवळ साठवून ठेवतो. या साठ्यास ‘कॅश’ असे म्हणतात. पुढील भेटीत त्याच फाईली पुन्हा मागवाव्या लागत नसल्यामुळे वेळ व डेटा या दोहोंची बचत होते. परंतु सर्व्हरवरील फाईल बदलली आणि तिचे नाव तेच राहिले, तर साठवणीची मुदत संपेपर्यंत ब्राउझर जुनीच प्रत वापरीत राहण्याचा संभव असतो.

अडचणीचे स्वरूप

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. समजा, एखाद्या ऑनलाइन अर्जातील जिल्ह्यांची यादी ‘जिल्हे.जेएस’ या स्क्रिप्ट फाईलमध्ये आहे. कार्यालयाने यादीत नवे नाव घातले व सर्व्हरवर तेवढेच नाव ग्राह्य ठरविले. कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या ज्या अर्जदाराने हे संकेतस्थळ पूर्वी पाहिले आहे, त्याच्या मोबाइलवर मात्र जुनी यादी येते. तो उपलब्ध नाव निवडतो आणि अर्ज नाकारला जातो. शेजारच्या नव्या अर्जदाराचा अर्ज मात्र विनासायास स्वीकारला जातो. चूक कोणाची, हे दोघांनाही उमगत नाही. ‘ब्राउझरचा साठा पुसून टाका’ असे प्रत्येक नागरिकास सांगत बसणे हा काही उपाय नव्हे.

आशयावरून नाव

यावरील उपाय तत्त्वतः सोपा आहे. फाईल बदलली की तिचे नावही बदलले पाहिजे. सुधारित शासन निर्णय निघतो तेव्हा त्यास स्वतंत्र संकेतांक मिळतो व जुन्या-नव्याचा घोटाळा टळतो, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की येथे क्रमांक फाईलमधील आशयावरूनच काढला जातो. ‘एसएचए-२५६’ सारखी गणिती रीत फाईल वाचून ६४ अक्षर-अंकांची ओळखखूण तयार करते. आशयात एका अक्षराचा जरी फरक झाला, तरी खूण पूर्णपणे बदलते. तिची पहिली आठ चिन्हे नावास जोडली, की ‘जिल्हे-८एफ३ए२१सी७.जेएस’ असे नाव सिद्ध होते.

खुणेऐवजी दिनांक जोडला तर काय बिघडते, असा प्रश्न साहजिकच पडेल. प्रत्येक प्रकाशनाच्या वेळी दिनांक बदलत असल्याने न बदललेल्या फाईलींनाही नवे नाव मिळते आणि नागरिकास त्या सर्व पुन्हा उतरवून घ्याव्या लागतात. संपर्क मंद असलेल्या गावी हा भार जाणवण्याजोगा असतो.

यंत्राकडे सोपवावयाचे काम

हे नामकरण हाताने करणे धोक्याचे आहे, कारण एखादी फाईल विसरली जाण्याचा संभव असतो. म्हणून ते ‘बिल्ड’ या टप्प्यावर, म्हणजे संकेतस्थळ प्रकाशनासाठी तयार होत असताना, यंत्राकडून करून घेतात. ‘रुबी ऑन रेल्स’ या प्रणालीत ही सोय २०११ पासून आहे. ‘वेबपॅक’ व ‘व्हीट’ या साधनांतही ती उपलब्ध आहे. कामाचा क्रम असा :

(१) प्रत्येक फाईलची खूण काढून ती नावात घालणे.

(२) जुने व नवे नाव यांची नोंदवही, म्हणजेच ‘मॅनिफेस्ट’, तयार करणे.

(३) पानांतील सर्व उल्लेख त्या नोंदवहीप्रमाणे बदलणे.

(४) नव्या फाईली आधी व पाने नंतर सर्व्हरवर चढविणे.

अशा फाईलींना एक वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची, साठवण-मुदत निर्धास्तपणे देता येते. मूळ पानाचे नाव मात्र बदलता येत नाही. म्हणून त्यास ‘नो-कॅश’ ही सूचना द्यावी. या सूचनेचा अर्थ ‘साठवू नका’ असा नसून ‘वापरण्यापूर्वी सर्व्हरला विचारा’ असा आहे. पान बदललेले नसेल, तर सर्व्हर तसे थोडक्यात कळवितो व पान पुन्हा पाठवावे लागत नाही. ज्यांच्यासमोर जुने पान उघडे आहे, त्यांच्यासाठी आधीच्या फाईलीही काही दिवस सर्व्हरवर राहू द्याव्यात.

कार्यालयांनी घ्यावयाची दक्षता

संकेतस्थळाचे काम ताब्यात घेताना संबंधित अधिकाऱ्यांनी तीन गोष्टींची खातरजमा करावी : फाईलींची नावे आशयानुसार आपोआप बदलतात काय, पानांना ‘नो-कॅश’ सूचना आहे काय, आणि ज्या मोबाइलवर संकेतस्थळ पूर्वी उघडले होते, त्यावर केलेला बदल साठा न पुसता दिसतो काय. यांपैकी तिसरी चाचणी ग्रामपंचायत सदस्य वा शिक्षकही सहज घेऊ शकतील. अर्जाचे नमुने व सूचनापत्रे कार्यालयातून चढविताना सुधारित प्रतीस नवे नाव देण्याचा प्रघातही पाडावा. एवढी व्यवस्था झाल्यास निर्णयाची सुधारित प्रत कार्यालयाच्या संगणकावर आणि मिरजगावच्या मोबाइलवर एकाच वेळी दिसू शकेल.