बदल का पेलवत नाही?



कामाच्या ठिकाणी नवी पद्धत येते तेव्हा काही जण ती सहज स्वीकारतात, काही मागे राहतात. आपण चटकन म्हणतो, "त्याचा स्वभावच हट्टी." परंतु दोष नेहमी स्वभावाचाच असतो काय? दिल्लीलगतच्या गुडगावचे, म्हणजे आजच्या गुरुग्रामचे, उदाहरण पाहू या.

१. वरिष्ठांचे आचरण : मारुती उद्योगाने १९८२ साली जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला व १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मोटार ग्राहकाच्या स्वाधीन केली. जपानी कार्यपद्धती आपल्याकडील साहेबी थाटाला धक्का देणारी होती. तेथे साहेब व कामगार यांचा गणवेश एक, उपाहारगृहही एक. जो बदल वरिष्ठ स्वतः अंगीकारतात, तो कनिष्ठांना जाचक वाटत नाही.

२. शिकण्याची संधी : अनेक कामगारांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवण्यात आले. हात बसेपर्यंत वेळ मिळाला की नव्याची भीती ओसरते.

३. ऐकणारा कान : पुढे याच कंपनीच्या मानेसर येथील कारखान्यात २०११ साली स्वतंत्र संघटनेच्या मान्यतेसाठी संप झाला. कंत्राटी कामगारांचा प्रश्नही धुमसत होता. १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार उसळला व एका अधिकाऱ्याचा प्राण गेला. त्या हिंसेचे समर्थन होऊच शकत नाही. तरीही एक धडा उरतो : गणवेश एक झाला म्हणजे मने एक होतातच असे नाही.

यरुशलेमेतील मंडळी वाढली, तेव्हा ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी तक्रार केली की, रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते (प्रे. कृत्ये ६:१-६). प्रेषितांनी त्यांना कुरकुरे ठरवले नाही. सात जण निवडण्याचे काम त्यांनी मंडळीवरच सोपवले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे लक्षात घ्या. ज्यांची गाऱ्हाणी होती, त्यांच्याच भाषेची माणसे नव्या व्यवस्थेची राखणदार झाली.

वाचकहो, आपल्या हाताखाली एक मनुष्य असो वा शंभर, नवा नियम लावण्यापूर्वी स्वतःस विचारा : हा नियम मी स्वतः पाळीन काय? तो शिकण्यास मी पुरेसा वेळ दिला काय? आणि ज्याच्यावर त्याचा भार पडणार, त्याचे म्हणणे मी ऐकले काय? उत्तर "नाही" असेल, तर हट्टी कोण, याचा पुन्हा विचार करावा.