मणक्यांचा क्षय : मद्रास येथील संशोधन

दीर्घकाळ न हटणाऱ्या पाठदुखीचे कारण बहुधा किरकोळ असते. परंतु तिच्या जोडीस बारीक ताप येत असेल व वजन उतरत असेल, तर मणक्यांच्या क्षयाची शंका घ्यावी लागते. या रोगात मणक्याचा पुढील भाग पोखरला जातो, मणका पुढे दबतो आणि पाठीस कुबड येते.

पूर्वी अशा रुग्णास प्लॅस्टरच्या साच्यात महिनोन्महिने निजवून ठेवीत. पुढे हाँगकाँगच्या शल्यविशारदांनी किडलेला भाग काढून तेथे हाडाचा तुकडा बसविण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ही अवघड शस्त्रक्रिया गावोगावी होणे शक्य नव्हते. ती खरोखर आवश्यक आहे काय, हे ठरविण्यासाठी मद्रास (आजचे चेन्नई) येथील क्षयरोग संशोधन केंद्राच्या प्रयोगात ३०४ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, तीन गट करण्यात आले. पहिल्यावर शस्त्रक्रिया करून सहा महिने औषधे दिली. उरलेल्या दोहोंस हिंडते-फिरते ठेवून केवळ आयसोनायाझिड व रिफाम्पिसिन ही औषधे दिली. एकास सहा महिने, दुसऱ्यास नऊ. दहा वर्षांनंतरचा वृत्तान्त १९९९ साली प्रसिद्ध झाला. समाधानकारक प्रकृतीचे रुग्ण या गटांत अनुक्रमे ९०, ९४ व ९९ टक्के आढळले. (पाय लुळे पडून चालणे बंद झालेले रुग्ण प्रयोगात नव्हते, आणि आज औषधे दोहोंहून अधिक व अधिक काळ देतात.)

मात्र ‘समाधानकारक’ याचा अर्थ रोग शमला व मनुष्य कामास लागला, एवढाच. कुबडाचा कोन त्यात धरलेला नव्हता. पंधरा वर्षांखालील ज्या मुलांचा कोन प्रारंभीच ३० अंशांहून अधिक होता, त्यांचे कुबड सहा महिन्यांच्या औषधांनंतरही बरेच वाढले. मुलाचा कणा वाढता असतो. पुढील भागाची वाढ खुंटली व मागील भाग वाढत राहिला, की तो अधिकच वाकतो.

हे आधी ओळखता यावे म्हणून एस. राजशेखरन व टी. के. षण्मुगसुंदरम् यांनी १९८७ साली एक सोपे गणित मांडले. पहिल्या क्ष-किरण छायाचित्रात एकूण किती मणका नष्ट झाला ते मोजावे, त्यास ३०.५ ने गुणावे व ५.५ मिळवावे, येईल तो कुबडाचा अंतिम कोन. दीड मणका गेला असेल, तर सुमारे ५१ अंश. हे भाकीत शेकडा ९० खरे ठरले.

रोग शमल्यावर मुलाची वाढ चालू असता काय होते, हे राजशेखरन यांनी २००१ साली दाखविले. काही मुलांचे कुबड वाढीबरोबर चक्क कमी झाले! ज्यांचे वाढले त्यांच्या छायाचित्रांत आधीच चार चिन्हे दिसत होती : मागील सांधे विलग होणे, मणक्याचा तुकडा मागे सरकणे, वरचा मणका बाजूस घसरणे किंवा पुढे कलंडणे. यांपैकी दोहोंहून अधिक आढळल्यास कुबड वाढण्यापूर्वीच शस्त्रक्रियेचा विचार करतात.